प्रवेश दुर्लभ, म्हणून विद्या श्रेष्ठ?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या धर्मग्रामातील एक दांपत्य आपल्या कन्येसह आमच्याकडे आले. मुलगी बारावीत, बुद्धीने तल्लख, रसायनशास्त्राची मनापासून आवड असलेली. अमेरिकेतील एका नामांकित खाजगी संशोधन विद्यापीठात पदवीच्या शिक्षणासाठी तिला अर्ज करावयाचा होता व त्यासाठी आमचे शिफारसपत्र हवे होते. पत्र आम्ही आनंदाने दिले. निघताना वडील मात्र दारात घुटमळले आणि हलक्या आवाजात म्हणाले, ‘‘फादर, वाडीचे कागद बँकेत ठेवायचे ठरवले आहे. तेवढी प्रार्थना असू द्या.’’

प्रार्थना आम्ही केली. परंतु केवळ प्रार्थना करून गप्प राहणे म्हणजे धर्मगुरूच्या कर्तव्यात कसूर करणे होय, असे आम्हांस वाटू लागले. कारण वाडी गहाण टाकण्याची भाषा आता एका घरापुरती उरलेली नाही. म्हणून आमचे म्हणणे आम्ही प्रारंभीच निःसंदिग्ध शब्दांत मांडतो. जेथे प्रवेश मिळणे दुर्लभ, तेथील विद्या श्रेष्ठच असणार, हा समज खोटा आहे. आणि त्या समजापायी पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन पणाला लावून सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना पदवीसाठी तिकडे पाठवणे हा विद्येचा सन्मान नसून प्रतिष्ठेची मूर्तिपूजा आहे. परदेशी शिक्षणाला आमचा विरोध नाही. संशोधनाला तर मुळीच नाही. विरोध आहे तो डोळे मिटून केलेल्या व्यवहाराला.

प्रथम, संशोधन विद्यापीठ म्हणजे काय, हे समजून घेऊ. अमेरिकेत हार्वर्ड १६३६ पासून आहे. पण आज ज्या अर्थाने आपण ‘संशोधन विद्यापीठ’ म्हणतो, त्याचा आरंभ बाल्टिमोर शहरी १८७६ मध्ये उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने झाला, असे सामान्यतः मानले जाते. डॅनियल कोइट गिलमन हे त्याचे पहिले अध्यक्ष. जर्मन विद्यापीठांचा आदर्श त्यांच्यापुढे होता. नवे ज्ञान निर्माण करणे आणि ते निर्माण करणारे संशोधक घडवणे, हा त्या संस्थेचा मुख्य हेतू. पुढे स्टॅनफर्ड, शिकागो आणि इतर अनेक विद्यापीठे याच वाटेने गेली. या संस्थांनी जगाला जे दिले त्याबद्दल कृतज्ञता न बाळगणारा कृतघ्न ठरेल. परंतु हे यश प्रामुख्याने प्रयोगशाळांचे, आचार्यपदवीच्या विद्यार्थ्यांचे आणि प्राध्यापकांचे आहे. पहिल्या वर्षाच्या वर्गात बसलेल्या अठरा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला ते आपोआप येत नाही.

याचे कारण व्यवस्थेतच आहे. तेथे प्राध्यापकाची नेमणूक कायम होते ती मुख्यतः त्याच्या शोधनिबंधांवर आणि त्याने मिळवलेल्या अनुदानांवर. वर्गात त्याने किती जीव ओतून शिकवले, हा प्रश्न पुढचा. परिणामी प्राथमिक विषयांचे तास पुष्कळदा शेकडो मुलांच्या सभागृहात होतात आणि शंकानिरसन, प्रयोग, उत्तरपत्रिकांची तपासणी ही कामे स्वतःच अजून शिकत असलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे जातात. हा आरोप आमच्या पदरचा नाही. १९९८ मध्ये बॉयर आयोगाने अमेरिकेतील संशोधन विद्यापीठांच्या पदवी शिक्षणाचा अहवाल सादर केला, तेव्हा पदवीच्या विद्यार्थ्यांची या संस्थांत उपेक्षा होते, हे त्याने स्पष्टपणे नमूद केले होते. त्यानंतर सुधारणा झाल्या, हे मान्य. पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनात सामील करून घेण्याची योजना मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने तर १९६९ पासूनच चालवली आहे. परंतु म्हणूनच पालकाने विचारावयाचा प्रश्न ‘विद्यापीठाचा क्रमांक कितवा?’ हा नसून ‘आमच्या मुलीला पहिल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष कोण शिकवणार आणि प्रयोगशाळेचे दार तिच्यासाठी कोण उघडणार?’ हा आहे. आमच्याकडे आलेल्या त्या जाड, गुळगुळीत माहितीपुस्तिकेत इमारतींची छायाचित्रे भरपूर होती. या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

संत जॉन हेन्री न्यूमन यांनी १८५२ मध्ये डब्लिन येथे विद्यापीठाच्या संकल्पनेवर जी व्याख्याने दिली, ती आम्ही सेमिनरीत असताना अभ्यासली होती. शोध लावणे आणि शिकवणे ही दोन भिन्न कार्ये असून त्यांसाठी लागणारे गुणही भिन्न आहेत. ते एकाच व्यक्तीत सहसा एकवटत नाहीत, असा त्यांचा विचार होता. न्यूमन यांचे सारेच मत आज जसेच्या तसे स्वीकारावे असे आम्ही म्हणत नाही. तथापि ज्ञानाचे भांडार वाढवणारी संस्था आणि कोवळे मन घडवणारी संस्था या एकच असतील असे गृहीत धरू नये, हा त्यांचा इशारा आजही तितकाच खरा आहे.

आता ‘निवडक’ या शब्दाकडे वळू. हार्वर्डसारख्या विद्यापीठात अलीकडच्या वर्षांत शंभर अर्जदारांपैकी सुमारे चौघांनाच प्रवेश मिळतो. हा आकडा आमचे लोक ज्या भक्तिभावाने उच्चारतात, तो पाहून आम्हांस खेद होतो. ज्या डॉक्टरच्या दारातून शंभरातील शहाण्णव रुग्ण परत पाठवले जातात, तो त्या कारणाने निष्णात ठरतो काय? नकार देण्याची क्षमता हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे; तो मागणीचा पुरावा आहे, आणि मागणी वाढवताही येते. अमेरिकेतील एका साप्ताहिकाने १९८३ मध्ये विद्यापीठांची क्रमवारी छापावयास आरंभ केला. किती अर्ज नाकारले, हाही पुढे तिचा एक निकष होता. तो निकष २०१८ मध्ये वगळण्यात आला; लोकांच्या मनातून मात्र तो अद्याप गेलेला नाही.

शिवाय ही निवड केवळ गुणांवर होते, हा भोळेपणा सोडावयास हवा. हार्वर्डविरुद्ध चाललेल्या आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालेल्या खटल्यात विद्यापीठाची प्रवेशविषयक आकडेवारी उघड झाली. तीनुसार माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी सुमारे ३३ टक्क्यांना प्रवेश मिळत होता. इतरांपैकी ६ टक्क्यांच्या आसपास. २०२३ मध्येच राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, प्रवेशपरीक्षेत सारखेच गुण असतानाही अतिश्रीमंत एक टक्का कुटुंबांतील मुलांना या मोजक्या विद्यापीठांत शिकावयास जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक असते. आणि २०१९ चे प्रकरण तर सर्वश्रुत आहे. एका सल्लागाराच्या मार्फत श्रीमंत पालकांनी येल, स्टॅनफर्ड, जॉर्जटाऊन अशा विद्यापीठांतील क्रीडा-प्रशिक्षकांना लाच देऊन, तर काहींनी परीक्षेत लबाडी करवून आपल्या मुलांसाठी जागा मिळवल्या वा मिळवण्याचा प्रयत्न केला. सुईच्या नेढ्यातून उंट जाणे कठीण, हे आपण शुभवर्तमानातून ऐकतो. येथे तर उंटासाठी नेढेच रुंद करून ठेवलेले दिसते.

न्याय्य बोलावयाचे तर हेही सांगितले पाहिजे की, वारशाची ही सवलत काढून टाकता येते. जॉन्स हॉपकिन्सने ती बंद केली आणि २०२० मध्ये तसे जाहीर केले. २००९ मध्ये तेथील नव्या विद्यार्थ्यांत अशी मुले १२.५ टक्के होती. दहा वर्षांत ते प्रमाण ३.५ टक्क्यांवर आले आणि सरकारी साहाय्यास पात्र अशा गरीब मुलांचे प्रमाण ९ वरून १९ टक्क्यांवर गेले. विद्यापीठाचे दिवाळे वाजले नाही, विद्याही खालावली नाही. मग इतरांनी हे का करू नये, याचे समाधानकारक उत्तर आमच्या वाचनात आलेले नाही.

आपल्या कॅथलिक संस्थांनाही या चौकशीतून वगळणे आम्हांस शक्य नाही. जॉर्जटाऊन हे अमेरिकेतील सर्वांत जुने कॅथलिक विद्यापीठ. बिशप जॉन कॅरोल यांनी १७८९ मध्ये त्याची स्थापना केली. १८३८ मध्ये मेरीलँड प्रांताच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी २७२ गुलाम स्त्री-पुरुष व मुले लुइझियाना येथील मळेवाल्यांना विकली आणि त्या पैशाचा काही भाग या महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यासाठी वापरला. धर्मगुरूंनी केलेले हे कृत्य लिहिताना आमची मान खाली जाते. २०१६ मध्ये विद्यापीठाने त्या विकलेल्या माणसांच्या वंशजांना प्रवेशात माजी विद्यार्थ्यांच्या मुलांसारखेच प्राधान्य देण्याचे ठरवले आणि २०१७ मध्ये जाहीर क्षमायाचना केली. पश्चात्ताप स्वागतार्हच आहे. तथापि त्या निर्णयातून एक गोष्ट नकळत कबूल झाली: या दारातून आत जाण्यासाठी बुद्धीइतकाच आजोबा कोण होता हाही प्रश्न असतो. माणसे विकून उभ्या राहिलेल्या प्रतिष्ठेसाठी वसईच्या शेतकऱ्याने आपली वाडी गहाण टाकावी, यातील विसंगती वाचकांनीच पाहावी.

आता पैशाकडे येऊ; कारण धर्मगुरूने पैशाविषयी बोलू नये असा आग्रह बहुधा ज्यांना पैसा गमवावा लागत नाही तेच धरतात. अशा खाजगी विद्यापीठांचा शिकवणी, निवास व भोजन यांसह वर्षाचा खर्च आज सामान्यतः ८० हजार डॉलरच्या पुढे आहे. रुपयांत ती रक्कम वर्षाला सुमारे ७० लाख आणि चार वर्षांत पावणेतीन कोटींच्या घरात जाते. ‘तेथे गरजूंना पूर्ण साहाय्य मिळते’ असे सल्लागार सांगतात. हे अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्यच अधिक घात करते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट अशी थोडी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न पाहता प्रवेश ठरवतात व प्रवेश दिल्यास त्याची संपूर्ण गरज भागवतात. कॅथलिक नोत्र दाम विद्यापीठानेही २०२४ मध्ये हे धोरण परदेशी विद्यार्थ्यांना लागू केले, याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु बहुतेक विद्यापीठे अमेरिकन मुलांना ऐपत विचारीत नसली तरी परदेशी अर्जदाराची ऐपत तोलूनच निर्णय घेतात. म्हणजे साहाय्य मागणे हाच तेथे अडसर ठरू शकतो.

त्यातच ‘अर्ली डिसिजन’ नावाची एक रीत आहे. मुलाने एकाच विद्यापीठाला आधी अर्ज करावयाचा आणि प्रवेश मिळाल्यास तेथेच येईन असे वचन द्यावयाचे. शक्यता वाढते म्हणून सल्लागार हीच वाट सुचवतात. परंतु मदत किती मिळेल याची इतरांशी तुलना करण्याआधीच शब्द देऊन बसणे ज्याला परवडते, त्याच्यासाठीच ही रीत आहे. वाडीवाल्यासाठी ती बैल न पाहताच इसार देण्यासारखी आहे. ‘मुलगा तिकडे नोकरी करून शिकेल’ ही आशाही फोल आहे. विद्यार्थी-व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच, तेही प्रामुख्याने विद्यापीठाच्या आवारात, काम करता येते. आणि एवढे करूनही जागा आपल्या हाती राहीलच याची शाश्वती कोठे आहे? मे २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा अधिकारच काढून घेण्याचा आदेश काढला. न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी त्याला स्थगिती दिली, हे खरे. पण ती एक रात्र ज्या आईबापांनी जागून काढली असेल, त्यांना विचारावे.

‘फादर, एवढा खर्च केला तरी पुढे कमाई तेवढीच होते ना?’ असा प्रश्न आम्हांस हमखास विचारला जातो. याचाही अभ्यास झालेला आहे. स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, सारख्याच पात्रतेच्या विद्यार्थ्यांची तुलना केली. निवडक विद्यापीठात प्रवेश मिळूनही जे अन्यत्र गेले, त्यांची पुढील मिळकत तेथे गेलेल्यांच्या मानाने सर्वसाधारणपणे कमी नव्हती. कर्तबगारी मुलात होती, दारात नव्हती. गरीब घरांतील मुलांना मात्र अशा विद्यापीठाचा लाभ झालेला आढळला, हे आम्ही लपवीत नाही. चेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनाही सरासरी मिळकतीत फारसा फरक दिसला नाही. फरक दिसला तो अतिश्रीमंतांच्या पंगतीत जाऊन बसण्याच्या शक्यतेत. ती मात्र दीडपटीपर्यंत वाढते. तेव्हा या बाजारात नेमके काय विकले जाते, हे एकदा स्वतःशी कबूल करावे. विद्या हवी असेल तर ती इतरत्रही आहे. पंगतीतले पान हवे असेल तर तसे म्हणावे; त्याला ज्ञानाची तळमळ हे नाव देऊ नये.

आमचे टीकाकार येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घेतील, आणि त्यांनी ते जरूर घ्यावे. कोलंबिया हे खाजगी संशोधन विद्यापीठच आहे. परंतु बाबासाहेब तेथे कसे गेले? १९१२ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. होऊन, १९१३ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. काय शिकावयाचे हे त्यांना ठाऊक होते, सेलिग्मन व ड्यूई यांसारखे गुरू त्यांना प्रत्यक्ष लाभले, आणि त्यांच्यासाठी कोणाची जमीन गहाण पडली नाही. संशोधन विद्यापीठ ज्या कामासाठी निर्माण झाले, त्याच कामासाठी ते तेथे गेले. पदवीसाठीच गेलेल्यांचे उदाहरण हवे असेल तर आपल्या गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी आहेत; ते १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले. पण त्यांचे वडील धर्मानंद हे पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला होते आणि मुलगा तेथील शाळेत शिकूनच विद्यापीठात गेला. असा योग कर्ज काढून आणता येत नाही.

आजही बहुसंख्य भारतीय विद्यार्थी बाबासाहेबांच्याच वाटेने जातात. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. त्यांपैकी पदवीच्या वर्गांत सुमारे ३६ हजारच. पदवी येथे, संशोधन तेथे, हा क्रम शहाणपणाचा आहे. विज्ञानाच्या पदव्युत्तर संशोधनासाठी प्रवेश मिळणाऱ्या विद्यार्थ्याची फी तेथे सहसा माफ होते व उदरनिर्वाहापुरते वेतनही मिळते. ज्या दारासाठी अठराव्या वर्षी वाडी द्यावी लागते, तेच दार बाविसाव्या वर्षी गुणांवर उघडू शकते. आणि पदवीसाठी अमेरिकाच हवी असेल तर केवळ पदवीचेच शिक्षण देणारी लहान महाविद्यालयेही तेथे आहेत. १९८९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे थॉमस चेक हे ग्रिनेल या अशाच एका महाविद्यालयात शिकले. आमच्या समाजात ग्रिनेलचे नाव कोणी ऐकले आहे काय?

हे सारे आम्ही पुढच्या रविवारी त्या कुटुंबाला त्यांच्या ओटीवर बसून सांगितले. मुलगी शांतपणे ऐकत होती. मग तिने विचारले, ‘‘फादर, म्हणजे आमच्यासारख्यांनी मोठी स्वप्ने बघूच नयेत का? श्रीमंतांनी तिकडे जायचे आणि आम्ही इकडेच समाधान मानायचे?’’

हा प्रश्न आम्हांस लागला, आणि तो लागावयासच हवा होता. गरिबाला संतोषाचा उपदेश करणे हे आमच्या पेशाचे जुने पाप आहे. म्हणून तिला दिलेले उत्तर येथे नोंदवतो. अर्ज तिने जरूर करावा. पण जी विद्यापीठे ऐपत न पाहता घेतात व पूर्ण साहाय्य देतात, त्यांनाच करावा. त्यांनी घेतले तर वडिलांनी निर्धास्त मनाने तिला विमानात बसवावे. गरीब घरातील मुलांना तेथे खरा लाभ होतो, हे आम्ही वर सांगितलेच आहे. नाही घेतले, तर तो तिच्या बुद्धीवरचा निकाल समजू नये. शंभरातील शहाण्णवांना तोच निरोप येतो. मग तिने येथेच मन लावून पदवी घ्यावी आणि चार वर्षांनी पुन्हा दार ठोठवावे. कोणत्याही परिस्थितीत वाडी गहाण पडता कामा नये. कारण त्या वाडीवर तिच्या धाकट्या भावाचाही हक्क आहे, आणि कर्जाच्या ओझ्याखाली शिकणारे मूल विषय निवडताना रसायनशास्त्र पाहत नाही, हप्ता पाहते.

दोष केवळ पालकांचा नाही. परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळालेल्यांची नावे मिस्सानंतर वेदीवरून आम्हीच जाहीर करतो, टाळ्या आम्हीच वाजवायला लावतो. गावातल्या महाविद्यालयात पहिल्या आलेल्या मुलीचे नाव मात्र सूचनाफलकावर जाते. ही रीत आमच्या धर्मग्रामात आम्ही यापुढे बंद करीत आहोत. त्याऐवजी धर्मग्रामाच्या शिक्षणनिधीचा एक भाग पदव्युत्तर संशोधनासाठी अर्ज करणाऱ्यांच्या परीक्षा व अर्जशुल्कासाठी राखून ठेवावा, असा प्रस्ताव आम्ही पॅरिश कौन्सिलपुढे ठेवला आहे. इतर धर्मग्रामांनीही त्याचा विचार करावा.

ता. क. हा मजकूर छपाईला जात असताना मुलीचे वडील येऊन गेले. बँकेत दिलेला अर्ज त्यांनी मागे घेतला आहे. मुलीने तीन विद्यापीठांना अर्ज केले असून उत्तराची वाट पाहणे चालू आहे.